युद्धग्रंथ आणि धर्माधर्माचा प्रश्न

माणसाने माणसाला मारणे हे एरवी पापही असते आणि गुन्हाही. रणांगणावर मात्र तेच कर्तव्य ठरते. हा पालट कशाच्या बळावर होतो, हा युद्धाविषयीचा मूळ धार्मिक आणि तात्त्विक प्रश्न आहे. त्याचे तीन भाग पडतात. शस्त्र केव्हा उचलावे, उचलल्यावर कोणती मर्यादा पाळावी आणि युद्ध संपल्यावर घडल्या गोष्टीचा भार कोणी वाहावा. युद्धावरचे बहुतेक ग्रंथ यांपैकी एकाच भागापाशी थांबतात. नीतिशास्त्रज्ञ कारणे तपासतो, सेनानी डावपेच सांगतो, बखरकार पराक्रम वर्णितो आणि वाचलेला माणूस आपण काय पाहिले ते लिहून ठेवतो. त्यामुळे या विषयाचे वाचन एका ग्रंथाने पुरे होत नाही. समर्थनाचा ग्रंथ हाती घेणाऱ्याने त्याच्या जोडीला शोकाचा ग्रंथही घेतला, तरच प्रश्न पुरता समोर येतो. पुढील ग्रंथांचा विचार या दृष्टीने केला आहे.

तिन्ही भाग एकत्र सापडतात असा ग्रंथ म्हणजे महाभारत. त्यातील युद्ध अठरा दिवसांचे, पण युद्धाच्या कारणांची चर्चा त्याच्या कितीतरी आधी सुरू होते आणि परिणामांची चर्चा कितीतरी नंतरपर्यंत चालते. उद्योगपर्वात युद्ध टाळण्याचे प्रयत्न आहेत. पांडव पाच गावांवर समाधान मानायला तयार होतात, स्वतः कृष्ण शिष्टाईला जातो आणि दुर्योधन सुईच्या अग्राएवढी जमीनही द्यायला नकार देतो. सर्व उपाय थकल्यावरच शस्त्र उचलावे, हा विचार येथे सिद्धांताच्या रूपात येत नाही, तो घटनांच्या ओघातून उभा राहतो. त्यानंतरच्या भीष्मपर्वात गीता येते. उद्योगपर्व बाजूला ठेवून गीता वाचणे म्हणजे निकालपत्रातला फक्त शेवटचा परिच्छेद वाचणे होय.

अर्जुनाचा आक्षेप साधा नाही. स्वजनांना मारून मिळणारे राज्य भोगण्यापेक्षा भिक्षा मागून जगणे बरे, कुळाचा नाश झाला की कुळधर्मही बुडतो, असे तो म्हणतो. कृष्णाच्या उत्तरात अनेक धागे आहेत. आत्मा मरत नाही, क्षत्रियाला स्वधर्म टाळता येत नाही, फळाची आसक्ती सोडून केलेले कर्म बांधत नाही आणि लोकसंग्रहासाठी कर्म करावेच लागते. यांतला पहिला धागा एकटा घेतला तर तो धोक्याचा ठरतो. आत्मा अमर असल्याने मारण्यात काही बिघडत नाही, असे म्हटले की कोणतीही हत्या समर्थनीय होऊन बसते. सौप्तिकपर्वात रात्री झोपलेल्या योद्ध्यांना कापून काढणारा अश्वत्थामाही पित्याच्या सूडाला कर्तव्यच मानत होता. त्याच्या कृत्यात आणि अर्जुनाच्या युद्धात फरक करायचा, तर कारण, मर्यादा आणि अनासक्ती या तिन्हींचा विचार करावा लागतो. गीतेची शिकवण या सर्व धाग्यांची मिळून बनलेली आहे.

याच प्रश्नावर मराठीत विसाव्या शतकात मोठे मंथन झाले. लोकमान्य टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात १९१०-११ च्या हिवाळ्यात लिहिलेले ‘गीतारहस्य’ १९१५ साली प्रसिद्ध झाले. संन्यासपर अर्थ बाजूला सारून गीतेचा मुख्य विषय कर्मयोग आहे, असे त्यांनी प्रतिपादिले. दुष्टांचा प्रतिकार करणे हे ज्ञानी पुरुषालाही चुकत नाही. मात्र तो वैरबुद्धीने होता कामा नये, ही त्या ग्रंथाची भूमिका आहे. गांधीजींनी ‘अनासक्तियोगा’च्या प्रस्तावनेत कुरुक्षेत्र मनुष्याच्या हृदयात असल्याचे सांगितले आणि महाभारतकाराने युद्धाची आवश्यकता सिद्ध केलेली नसून त्याची व्यर्थता दाखवली आहे, असे म्हटले. विनोबांनी १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात दिलेली प्रवचने साने गुरुजींनी उतरवून घेतली. त्यांतील पहिल्याच प्रवचनात अर्जुनाची अहिंसा खरी नव्हे, हे एका न्यायाधीशाच्या दृष्टांताने स्पष्ट केले आहे. अनेकांना फाशी देणारा हा न्यायाधीश स्वतःचा मुलगा आरोपी म्हणून समोर येताच फाशीच्या शिक्षेतील दोष सांगू लागतो. अर्जुनाला युद्ध नकोसे झाले ते समोर आपले लोक होते म्हणून. हा मुद्दा युद्धाच्या प्रत्येक समर्थनाला आणि प्रत्येक विरोधालाही लावून पाहण्यासारखा आहे. दुसऱ्याच्या मुलांसाठी जी तत्त्वे लागू होतात, ती स्वतःच्या मुलांसाठी बदलत असतील, तर ती तत्त्वे नसून ममता आहे.

मर्यादेचा भागही भीष्मपर्वाच्या आरंभीच येतो. दोन्ही सैन्ये युद्धाचे नियम ठरवतात. समान योद्ध्याने समानाशी लढावे, पळणाऱ्यावर, निःशस्त्रावर आणि दुसऱ्याशी लढण्यात गुंतलेल्यावर प्रहार करू नये, सारथी आणि शंख-भेरी वाजवणारे यांना मारू नये. पुढे हे नियम एकेक करून मोडतात. शिखंडीच्या आडून भीष्म पडतात, एकट्या अभिमन्यूला अनेक महारथी घेरतात, खोट्या वार्तेने द्रोण शस्त्र ठेवतात, चाक रुतले असताना कर्ण मारला जातो, गदायुद्धात दुर्योधनाच्या मांडीवर घाव बसतो. मोडणाऱ्यांत दोन्ही बाजूंचे लोक आहेत. व्यास यावर पांघरूण घालत नाहीत. भूमीच्या चार अंगुळे वरून चालणारा युधिष्ठिराचा रथ द्रोणांना सांगितलेल्या त्या असत्यानंतर जमिनीला टेकतो, एवढीच नोंद ते करतात. न्याय्य कारणासाठी लढणाऱ्यालाही अन्याय्य साधनाची किंमत चुकत नाही, हे सांगायला ती नोंद पुरेशी आहे.

तिसरा भाग स्त्रीपर्वात आणि शांतिपर्वात आहे, आणि नेमका तोच सर्वांत कमी वाचला जातो. गांधारी रणभूमीवर फिरून एकेक प्रेत ओळखते आणि हे थांबवण्याची शक्ती असूनही न थांबवल्याबद्दल कृष्णाला शाप देते. तिचा शोक त्या शापात संपतो. त्या शापानुसार छत्तिसाव्या वर्षी यादव आपापसांत लढून नाश पावतात. कर्ण आपला थोरला भाऊ होता हे कळल्यावर युधिष्ठिराला राज्य नकोसे होते. त्याची समजूत घालण्यासाठी भाऊ, द्रौपदी, कृष्ण, व्यास आणि शरपंजरी पडलेले भीष्म यांना हजारो श्लोक लागतात. पापक्षालनासाठी तो अश्वमेध करतो, तर त्या यज्ञाच्या शेवटी अर्धे अंग सोन्याचे झालेला मुंगूस येऊन सांगतो, की हा सारा यज्ञ एका दरिद्री ब्राह्मणाने उपाशी राहून दिलेल्या सातूच्या पिठाच्या तोडीचा नाही. विजय न्याय्य असला तरी तो स्वच्छ नसतो, हा महाभारताचा अंतिम सूर येथे ऐकू येतो. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने सुमारे अर्धशतकाच्या परिश्रमाने सिद्ध करून १९६६ साली पूर्ण केलेल्या चिकित्सक आवृत्तीमुळे या पर्वांचा अभ्यास भक्कम पायावर करता येतो. त्या आवृत्तीच्या आधारे इरावती कर्वे यांनी लिहिलेले ‘युगान्त’ (१९६७) मराठी वाचकाला सर्वांत आधी सुचवावे असे आहे. त्यात गांधारी, कुंती, द्रौपदी, कर्ण आणि कृष्ण ही माणसे म्हणून तपासली आहेत. म्हणूनच त्यांचे निर्णयही जबाबदारीचे ठरतात.

राज्यशास्त्राच्या अंगाने हाच प्रश्न कौटिलीय अर्थशास्त्रात येतो. शतकानुशतके नुसत्या उल्लेखांनी ठाऊक असलेला हा ग्रंथ म्हैसूरला आर. शामशास्त्री यांच्या हाती आला आणि १९०९ साली छापला गेला. पुढे र. पं. कंगले यांनी मुंबई विद्यापीठासाठी त्याची चिकित्सक आवृत्ती तयार केली. कूटयुद्ध, विषप्रयोग, फितुरी यांचे मोकळे वर्णन करणारा म्हणून कौटिल्य निष्ठुर मानला जातो. पण संधी आणि विग्रह यांपासून सारखाच लाभ होणार असेल तर संधीच करावी, असेही तोच सांगतो. युद्धात माणसे जातात, पैसा जातो, घरापासून दूर राहावे लागते आणि पाप लागते, ही त्याची कारणे आहेत. विजेत्यांचे त्याने धर्मविजयी, लोभविजयी आणि असुरविजयी असे तीन प्रकार केले. पहिला शरणागतीवर समाधान मानतो, दुसरा भूमी आणि द्रव्य नेतो, तिसरा त्यांबरोबर बायकामुले आणि प्राणही हिरावतो. पडलेल्या, पाठ फिरवलेल्या, शरण आलेल्या, शस्त्र टाकलेल्या आणि न लढणाऱ्या माणसांना अभय द्यावे, असे त्याचे सांगणे आहे. जिंकलेल्या प्रदेशाची भाषा, वेष आणि उत्सव राजाने आपलेसे करावेत, असेही तो सांगतो. हा धर्म आहे की शहाणपण, असा प्रश्न येथे निर्माण होतो. कौटिल्याच्या मते दीर्घ दृष्टीने पाहिले तर दोहोंची वाट बरीचशी एकच असते. ती जेथे फुटते तेथे तो राज्याची बाजू घेतो आणि तेथेच वाचकाने सावध व्हावे.

त्याच्या जोडीला वाचायचा मजकूर शिळेवर कोरलेला आहे. सम्राट अशोकाच्या तेराव्या शिलालेखात कलिंगयुद्धाचा हिशेब दिला आहे. दीड लाख माणसे तेथून नेली गेली, एक लाख मारली गेली आणि त्याहून कितीतरी अधिक मेली. विजेत्या राजाने आपल्याच विजयाबद्दल खेद व्यक्त केल्याचे असे उदाहरण प्राचीन जगात दुर्मीळ आहे. माता-पित्यांची सेवा करणारी, धर्माने वागणारी माणसे तेथे होती आणि त्यांना ही वेदना भोगावी लागली, या जाणिवेने तो खेद अधिक खोल झालेला दिसतो. मात्र हा लेख पुरता वाचला पाहिजे. त्यातच वनवासी लोकांना इशारा आहे, की पश्चात्ताप झाला असला तरी राजाच्या ठिकाणी दंड करण्याचे सामर्थ्य आहे. शिवाय खुद्द कलिंगातील धौली आणि जौगड येथे हा लेख कोरलेला नाही. त्याऐवजी अधिकाऱ्यांना सौम्य कारभाराची आज्ञा देणारे वेगळे लेख आहेत. ज्यांच्यावर आघात झाला त्यांच्यासमोर पश्चात्ताप मांडणे राजालाही सोपे गेले नाही, असे यावरून वाटते. अहिंसेची निष्ठा आणि राज्याची सक्ती यांचा पेच अशोकाने सोडवला नाही. तो पेच जगासमोर लिहून ठेवला, हेच त्याचे मोठे कार्य आहे.

ग्रीक परंपरेतील तोलाचा ग्रंथ थ्युसिडिडीझचा पेलोपोनेशियन युद्धाचा इतिहास होय. अथेन्स आणि स्पार्टा यांच्यातील हे युद्ध इ.स.पू. ४३१ ते ४०४ या काळात झाले. लेखक स्वतः अथेन्सचा सेनापती होता. अँफिपोलिस वाचवता न आल्याने त्याला वीस वर्षे हद्दपारीत काढावी लागली. त्याच्या ग्रंथातील मिलॉस बेटाचा संवाद (इ.स.पू. ४१६) तत्त्वज्ञानाच्या अभ्यासकांनी विशेष लक्षपूर्वक वाचावा. मिलॉसला कोणाच्याही बाजूने लढायचे नव्हते. अथेन्सचे दूत स्पष्ट सांगतात, की न्यायाची चर्चा तुल्यबळांत होते, दुबळ्याने आपला जीव वाचेल ते पाहावे. मिलॉस नकार देते, शहर पडते, पुरुष मारले जातात आणि बायकामुले गुलाम होतात. लेखक त्यावर एकही टीका करत नाही. लगेच पुढे अथेन्सच्या सिसिलीवरील मोहिमेची कथा सुरू होते, आणि तिचा शेवट सिराक्यूजच्या दगडखाणींत कोंडलेल्या अथेनियन कैद्यांवर होतो. या दोन कथा शेजारी ठेवण्यात थ्युसिडिडीझचा सारा निवाडा आहे. बळ हाच न्याय असे मानणाऱ्याला आपले बळ कोठे संपते हे कळेनासे होते.

युरोपच्या ख्रिस्ती विचारात न्याय्य युद्धाचा प्रश्न ऑगस्टीनपासून सुरू होतो. अहिंसक शिकवणीचा धर्म रोमन साम्राज्याचा धर्म झाल्यावर शस्त्र धारण करणारा ख्रिस्ती माणूस पापी ठरतो का, याचे उत्तर देणे भाग पडले. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनसने तीन अटी घातल्या. युद्ध अधिकारी सत्तेने पुकारलेले असावे, कारण न्याय्य असावे आणि हेतू शुद्ध असावा. तीस वर्षांच्या युद्धाने युरोप होरपळत असताना १६२५ साली ह्यूगो ग्रोशियसने युद्ध आणि शांतता यांच्या कायद्यावर ग्रंथ लिहिला. रानटी लोकांनाही लाज वाटावी अशा सहजतेने ख्रिस्ती राष्ट्रे शस्त्र उचलतात, या खेदातून तो लिहिला गेला. धर्माने घातलेली बंधने येथून हळूहळू आंतरराष्ट्रीय कायद्याची भाषा बोलू लागली. या परंपरेचे आधुनिक रूप मायकेल वॉल्झर यांच्या ‘जस्ट अँड अनजस्ट वॉर्स’ (१९७७) या पुस्तकात सापडते. व्हिएतनाम युद्धाच्या अनुभवातून ते जन्मले. युद्ध पुकारण्याचा न्याय आणि युद्ध लढण्याचा न्याय हे वेगवेगळे आहेत, हा त्याचा कणा आहे. अन्याय्य युद्धातील साधा शिपाई मर्यादा पाळू शकतो आणि न्याय्य युद्धातील शिपाई त्या मोडू शकतो. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनने जर्मन शहरांवर केलेल्या बाँबफेकीला वॉल्झर आरंभीच्या आणीबाणीपुरती मोकळीक देतात, पुढच्या काळात नाही. ही मोकळीक द्यावी की नाही, यावर आजही वाद आहे. भीष्मपर्वातील नियम मोडताना पांडवांनी दिलेली कारणे आठवली, तर हा वाद नवा नाही हे लक्षात येते.

युद्धशास्त्राच्या ग्रंथांत कार्ल फॉन क्लाउझेवित्झचा ‘युद्धाविषयी’ हा ग्रंथ अग्रस्थानी आहे. लेखकाच्या मृत्यूनंतर पत्नी मारी हिने तो १८३२ पासून प्रसिद्ध केला. युद्ध म्हणजे वेगळ्या साधनांनी चालवलेले राजकारण, हे त्याचे सूत्र अनेकदा निष्ठुर म्हणून सांगितले जाते. त्याचा दुसरा अर्थही आहे. राजकीय उद्दिष्ट नसेल तर युद्ध ही नुसती हत्या उरते, आणि उद्दिष्ट साधले की थांबलेच पाहिजे. त्याच्याजवळ ठेवायचे पुस्तक ऑन्री ड्यूनाँचे आहे. २४ जून १८५९ रोजी इटलीत सॉल्फेरिनोची लढाई झाली. कामानिमित्त तेथे पोचलेल्या या व्यापाऱ्याने रणभूमीवर पडून राहिलेले जखमी पाहिले. जवळच्या कास्तिल्योने गावातील बायका कोणत्याही देशाचा भेद न करता त्यांची सेवा करत होत्या. १८६२ साली त्याने ही आठवण छोट्या पुस्तकात लिहिली. पुढच्याच वर्षी रेड क्रॉसची समिती स्थापन झाली आणि १८६४ साली पहिला जिनिव्हा करार झाला. युद्धाचे एखादे पुस्तक जगाचा व्यवहार बदलू शकते, याचे याहून चांगले उदाहरण नाही.

मराठी साधनांतही तिन्ही भाग सापडतात. मर्यादेच्या भागासाठी शिवाजी महाराजांचे १६७० च्या दशकातील, चिपळूणच्या परिसरातील लष्करी अंमलदारांना लिहिलेले पत्र वाचावे. रयतेचे धान्य, गवत, भाजीपाला फुकट उचलू नये, बाजारातून विकत घ्यावा, नाहीतर मोगलांपेक्षा हेच वाईट असे लोक म्हणतील, अशी त्यात ताकीद आहे. रात्री दिवा जळत ठेवला तर उंदीर वात ओढून नेईल आणि गवताच्या गंजीला आग लागेल, इतक्या बारकाईने ती दिली आहे. नियम लढाईच्या दिवशी सुचत नाहीत, ते छावणीच्या रोजच्या शिस्तीत घडतात, हे या पत्रातून कळते. १४ जानेवारी १७६१ च्या पानिपतासाठी भाऊसाहेबांची बखर आणि त्र्यं. शं. शेजवलकर यांचे ‘पानिपत १७६१’ एकत्र वाचावे. बखर पराक्रम आणि दैव यांच्या भाषेत बोलते. शेजवलकर कागदपत्रांतून कारणे शोधतात. त्यांच्याबरोबर शुजाउद्दौल्याच्या पदरी असलेल्या काशीराजाची फारसी हकीकत घ्यावी. लढाईनंतर झालेली बंदिवानांची कत्तल त्याने सांगितली आहे, आणि विश्वासराव व भाऊसाहेब यांच्या देहांवर अग्निसंस्कार व्हावेत म्हणून झालेली खटपटही. शत्रूच्या छावणीतही मृताचा धर्म पाळला जावा, ही धडपड त्या साऱ्या काळोखात उठून दिसते.

शोकाच्या भागासाठी विष्णुभट गोडसे यांचा ‘माझा प्रवास’ मराठीत अतुलनीय आहे. पेणजवळच्या वरसईचा हा भिक्षुक यज्ञातील दक्षिणेच्या आशेने १८५७ साली उत्तरेकडे निघाला आणि बंडाच्या वणव्यात सापडला. इंग्रज फौजेने झाशी घेतली तेव्हा तो शहरात होता. तेथील ‘बिजन’, म्हणजे सरसकट कत्तल, तिच्यानंतरची लूट, तहान आणि लपून काढलेले दिवस त्याने साध्या शब्दांत लिहिले. चिंतामण विनायक वैद्य यांनी १९०७ साली हे पुस्तक प्रथम प्रसिद्ध केले. लेखक कोणाचाही सैनिक नव्हता. ज्याला युद्धाशी देणे-घेणे नाही त्याच्यावरही युद्ध कोसळते, ही गोष्ट कोणत्याही सिद्धांतापेक्षा येथे अधिक लख्ख दिसते.

विसाव्या शतकात इतिहासकारांनीही सेनापतीच्या तंबूतून बाहेर येऊन शिपायाच्या जागी उभे राहायला सुरुवात केली. जॉन कीगन यांच्या ‘द फेस ऑफ बॅटल’ (१९७६) या पुस्तकात आजिनकूर, वॉटर्लू आणि सॉम या तीन लढाया रांगेतल्या माणसाच्या अनुभवातून सांगितल्या आहेत. आजिनकूर येथे पाचव्या हेन्रीने बंदिवान मारण्याचा हुकूम दिला, त्या क्षणाची चिकित्सा नीतिविचारासाठी विशेष मोलाची आहे. स्वेतलाना अलेक्सिएविच यांनी सोविएत सैन्यात लढलेल्या स्त्रियांच्या आठवणी गोळा करून १९८५ साली पुस्तक प्रसिद्ध केले. त्यात विजयाच्या अधिकृत कथेत न बसणारे बोल आहेत. शत्रूच्या जखमी सैनिकाला भाकरी द्यावी की नाही, असे प्रश्न तेथे नेहमीच्या जगण्यातून उभे राहतात. गांधारीच्या विलापाचे हे आधुनिक रूप म्हणता येईल.

वाचनाचा क्रम ठरवताना हीच जोडणी उपयोगी पडते. आरंभ उद्योगपर्व, गीता आणि स्त्रीपर्व सलग वाचून करावा आणि त्यावर ‘युगान्त’ घ्यावे. नंतर गीतारहस्य आणि विनोबांची प्रवचने शेजारी ठेवावीत. अर्थशास्त्राबरोबर अशोकाचा शिलालेख, क्लाउझेवित्झबरोबर ड्यूनाँ, शेजवलकरांबरोबर काशीराज आणि गोडसे भटजी, वॉल्झरबरोबर अलेक्सिएविच अशा जोड्या लावाव्यात. प्रत्येक ग्रंथाला तीन प्रश्न विचारावेत: शस्त्र उचलण्याचे कारण विरुद्ध बाजूलाही पटवता येईल का, ठरवलेली मर्यादा आणीबाणीत टिकली का आणि शेवटी मेलेल्यांची मोजदाद कोणी केली. युद्ध कधीच धर्म्य नसते, असे हे ग्रंथ एकमुखाने सांगत नाहीत. पण धर्म्य म्हणून लढलेल्या युद्धाचाही शोक केला पाहिजे, यावर त्यांतील श्रेष्ठ ग्रंथांचे एकमत आहे. जो विजेता शोक करत नाही त्याच्या न्यायाविषयी शंका घ्यावी, ही कसोटी युधिष्ठिराने आणि अशोकाने घालून दिली आहे.